अर्ज आमचा, पैसा वाचकांचा : छोट्या मराठी प्रकाशकांचा जाहीरनामा

आम्ही मराठीत कविता, कथा, नाटक, समीक्षा आणि अनुवाद छापणारे छोटे प्रकाशक आहोत. आमच्यातल्या अनेकांचे कार्यालय म्हणजे घरातली एक खोली आणि गोदाम म्हणजे त्याच खोलीतल्या पलंगाखालची जागा. आजपासून आम्ही सार्वजनिक पैशासाठी उघडपणे अर्ज करू, आणि तसे सांगताना आवाज खाली आणणार नाही.

एवढीशी गोष्ट जाहीर करावी लागते, कारण आमच्या व्यवसायात अनुदान हा कुजबुजीचा विषय आहे. ज्याला मिळाले तो बोलत नाही. ज्याला मिळाले नाही तो ‘ओळख लागते हो’ म्हणून मोकळा होतो. लागतही असेल ओळख. पण ते दाखवून द्यायला कागद लागतात, आणि कागद कोणीच बाहेर काढत नाही.

आधी पैशाचे बोलू. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुस्तक करमुक्त असल्यामुळेच कागदावर आणि छपाईवर भरलेल्या कराची वजावट आम्हाला मिळत नाही, हे मात्र छापखान्याचे बिल भरणाऱ्यालाच कळते. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी ग्रंथालय संचालनालयाकडे जाते ती प्रतही आमचीच. याबद्दल तक्रार नाही. पुस्तके जपली जावीत असे आम्हालाही वाटते. पण साहित्याच्या सार्वजनिक व्यवहारात आम्ही आधीच पदरचे घालत आहोत, तेव्हा अर्ज करणाऱ्याकडे याचक म्हणून पाहू नये.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ 1960 साली, म्हणजे राज्याबरोबरच, स्थापन झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. मराठी विश्वकोशाचे काम याच मंडळाने हाती घेतले. बाजाराच्या भरवशावर ते कोणी घेतले नसते. नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला मंडळ आजही अनुदान देते. सरकारी पैशाने साहित्य नासते असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ही बाजूही पाहावी.

लिटल मॅगझिनवाल्यांनी कुणापुढे हात पसरले नाहीत, असे आम्हाला ऐकवले जाईल. त्यांच्यातल्याच अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाबद्दल आम्हाला आदर आहे. अरुण कोलटकरांची ‘भिजकी वही’ प्रासनेच 2003 साली काढली, आणि तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा कोलटकर हयात नव्हते. पुरस्कार पुस्तकानंतर येतो. कागदवाल्याला पैसे त्याच्या कितीतरी आधी द्यावे लागतात.

सरकारी हस्तक्षेपाची भीती आम्हालाही आहे. डिसेंबर 2022 मध्ये राज्य शासनाने कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या मराठी अनुवादाला पुरस्कार जाहीर केला, आणि आठवड्याभरात शासन निर्णय काढून तो रद्द केला. निवड समितीही बरखास्त केली. यावरून ‘अर्जच नको’ असा धडा काही मित्रांनी घेतला. आम्हाला तो पटत नाही. आपण बाजूला झालो की तिथे होयबाच उरतात. आमची मागणी साधी आहे : तज्ज्ञांच्या समितीने निवडलेले पुस्तक नंतर वरून आलेल्या शेऱ्याने बाद होता कामा नये. आणि अनुदानाच्या अटींनी मजकुराला हात घातला, तर आम्ही पैसे परत करू आणि का केले ते छापू.

माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यातले कलम 4 आमच्यापैकी फार थोड्यांनी वाचले आहे. अनुदान योजना कशी राबवली, किती रक्कम ठेवली, लाभार्थी कोण, हे कोणी न मागता प्रसिद्ध करणे सार्वजनिक प्राधिकरणावर बंधनकारक आहे. निर्णयाची झळ ज्याला बसते त्याला कारणे देणेही. म्हणून ‘प्रस्ताव मान्य करता येत नाही’ एवढ्या एका ओळीवर आम्ही यापुढे गप्प बसणार नाही. प्रत्येक नकाराचे कारण लेखी मागू, आणि मिळाले नाही तर अपिलात जाऊ.

आता आमच्या घरातली घाण. लेखकाकडून छपाईचा खर्च घ्यायचा आणि त्याच पुस्तकावर अनुदानही उचलायचे, हा धंदा चालतो. कागदावर 1000 प्रती आणि छापखान्यात 200, हाही चालतो. मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून मुद्रितशोधन न करता पुस्तके निघतात आणि पहिल्याच पानावर लेखकाचे नाव चुकते. असे करणारा प्रकाशक आमच्यात नको, मग तो कितीही जुना आणि मोठा असो. आमच्या अंदाजपत्रकात संपादन, मुद्रितशोधन आणि अनुवादकाचे मानधन ही कलमे सर्वांत वर असतील. ती कोणी कापली तर आम्ही छपाईचा दर फुगवून ती भरून काढणार नाही. कापली, असे लिहू. उपयोगिता प्रमाणपत्राबरोबर छापखान्याचे बिल आणि लेखकाला बँकेतून दिलेल्या मानधनाची नोंद कोणालाही पाहता येईल.

खरे तर आम्हाला अनुदानापेक्षा खरेदी हवी. नॉर्वेत 1965 पासून नव्या साहित्यकृतींच्या प्रती सार्वजनिक ग्रंथालयांसाठी सरकारी पैशाने घेतल्या जातात. महाराष्ट्रात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, गावोगावी ग्रंथालये आहेत. नव्या कवितासंग्रहाच्या प्रती त्यांच्यासाठी थेट विकत घेतल्या, तर पैसा आणि वाचक एकाच वेळी मिळतील. तोवर अर्ज.

या चळवळीला आम्ही नाव दिलेले नाही. नाव दिले की आधी बोधचिन्हावरून भांडण होते. अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. ज्या प्रकाशकाला हे मान्य आहे त्याने आपला एक जुना अर्ज, मंजूर असो वा नामंजूर, अंदाजपत्रकासह जाहीर करावा. सामील व्हायला तेवढे पुरे आहे.