उंबरठ्यावरची तपासणी

भौतिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत ‘वेग = १२’ एवढेच लिहिले तर गुण कापले जातात. एकक सांगितल्यावाचून आकड्याला अर्थ नाही. संगणकाच्या काही भाषांतही अशीच शिस्त असते. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेली टाइपस्क्रिप्ट ही त्यांपैकी एक. एखादी राशी संख्या आहे की नुसती अक्षरे, म्हणजेच तिचा ‘प्रकार’ कोणता, हे तिच्यात आधीच ठरलेले असते. गफलत झाली तर आज्ञावली चालू होण्यापूर्वीच कंपायलर ती दाखवून देतो.

परंतु सारेच काम कोणी स्वतः करीत नाही. इतरांनी लिहिलेले तयार भाग, म्हणजे मोड्यूल, आणून जोडावे लागतात. यांतील कित्येक जावास्क्रिप्ट या १९९५ सालच्या भाषेत लिहिलेले असतात. तिच्यात प्रकार जाहीर करण्याची सोयच नाही. मग ‘हे मोड्यूल संख्या देते’ असे निवेदन वेगळ्या फाइलीत लिहून ठेवतात. कंपायलर त्या निवेदनावर विश्वास ठेवतो. आत खरोखर काय आहे, हे तो पाहत नाही.

समजा, शाळेच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी असे एखादे मोड्यूल वाचून देते. त्याने संख्यांऐवजी अक्षरे दिली, तर अधिक चिन्ह ती नुसती शेजारी शेजारी ठेवते. ४५ आणि १२ मिलिमीटर यांची बेरीज ५७ न येता ४५१२ येते! पुण्यात वर्षभरात सरासरी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यामुळे ही चूक कोणीही पकडील. पण ४ आणि ५ मिलिमीटर असतील तर? ९ ऐवजी ४५ येतील. पुण्याच्या पावसाळ्यात ४५ मिलिमीटर अशक्य नाही. म्हणून ही चूक लपून राहील. धरणातून नदीत पाणी केव्हा सोडायचे, हे ठरवताना पावसाचे आकडेही पाहतात, हे ध्यानात घ्या.

काही जण म्हणतात, असली मोड्यूल वापरूच नयेत. इतरांचे वर्षानुवर्षांचे श्रम असे टाकून देणे शहाणपणाचे नाही. दुसरे म्हणतात, निवेदन लिहिले की काम झाले. तेही मला पटत नाही. मोड्यूल जरूर आणावे. पण त्याची माहिती आपल्या आज्ञावलीत जेथे शिरते, तेथेच तपासावी. संख्याच आहे ना? ऋण तर नाही ना? टाइप्ड रॅकेट ही भाषा प्रकाराची अशी तपासणी आपण होऊन उंबरठ्यावर बसवते. त्याने वेग मंदावतो, हे खरे. पण चुकीचे उत्तर झटपट मिळवून लाभ काय?

व्हर्निअर कॅलिपर कितीही नामांकित कंपनीचा असो, मापन करण्यापूर्वी आपण त्याची शून्य त्रुटी पाहतोच. शिक्षकांनी संगणकाच्या तासालाही हीच सवय लावावी. मुद्दाम चुकीची माहिती द्यावी आणि विद्यार्थ्यांची आज्ञावली ती दारातच अडवते का, हे पाहावे.