वायुवाहिनी जमिनीखाली, बोजा शेतकऱ्याच्या माथी

नोव्हेंबर 2023 च्या अखेरीस संयुक्त किसान मोर्चाचे हजारो शेतकरी मोहाली-चंदीगड सीमेवर तीन दिवस ठाण मांडून बसले होते. वर्षभरानंतर, डिसेंबर 2024 मध्ये, त्याच पंजाबातील भटिंडा जिल्ह्यात लेलेवाला गावी शेतकरी व पोलीस पुन्हा समोरासमोर आले. या वेळी प्रश्न होता गुजरातहून जम्मूकडे नियोजिलेल्या नैसर्गिक वायूच्या वाहिनीचा. हा केवळ मोबदल्याचा तंटा असल्याचे भासविले जाते. मोबदल्याची मागणी न्याय्यच आहे; परंतु वाहिनी जमिनीकडून जे हिरावून घेते, त्याची भरपाई पैशाने होत नाही.

1962 च्या पेट्रोलियम वाहिनी कायद्यान्वये जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते. सरकार घेते तो फक्त ‘वापरहक्क’. या हक्काची किंमत जमिनीच्या बाजारभावाच्या अवघी 10 टक्के! पिकांच्या नुकसानीची भरपाई निराळी, पण तीही एकदाच. त्यानंतर त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर वा तळे खणता येत नाही, झाड लावता येत नाही. सातबारा शेतकऱ्याचा, हुकूम कंपनीचा!

पट्टा 20 मीटर रुंदीचा धरला तरी दर किलोमीटरमागे 2 हेक्टर जमीन कायमची वृक्षहीन होते. पंजाबात वनाच्छादन 4 टक्क्यांहूनही कमी आहे. मोहालीच्या उत्तरेस शिवालिकच्या टेकड्या आहेत. त्यांतून उतरणारे पावसाळी ओढे, ज्यांना तेथे ‘चो’ म्हणतात, माती वाहून नेतात व शेते वाळूखाली गाडतात. म्हणूनच 1900 साली या भागासाठी खास भूसंरक्षण कायदा करावा लागला. परकीय राज्यकर्त्यांनाही जे कळले, ते आजच्या नियोजनकारांना कळू नये काय? अशा भुसभुशीत पायथ्यावर झाडे तोडून चर खणणे म्हणजे धूप ओढवून घेणेच होय.

सन 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेने वायुवाहिनीला पूर्वमंजुरीची अट घातली ती केवळ राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये, प्रवाळक्षेत्रे व संवेदनशील प्रदेशांपुरती. इतरत्र शेतांतून, वस्त्यांजवळून वाहिनी जाणार असेल तर पर्यावरणविषयक जनसुनावणीही नाही. वायुवाहिनी फुटल्याचे परिणाम आंध्रातील नगरम् गावाने भोगले. 27 जून 2014 रोजी पहाटे तेथे ‘गेल’ची गंजलेली वाहिनी फुटून 20 हून अधिक माणसे होरपळून मेली. मालकी सार्वजनिक क्षेत्राची असली, तरी जनतेची देखरेख नसेल तर धोका टळत नाही.

वायू हे ‘स्वच्छ इंधन’ आहे, असा प्रचार केला जातो. कोळशापेक्षा त्याचा धूर कमी, हे खरे. परंतु गळणारा मिथेन 20 वर्षांच्या मुदतीत कर्बवायूच्या 80 पटींहून अधिक उष्णता कोंडतो. शिवाय देशात लागणारा जवळजवळ निम्मा वायू आयात होतो. म्हणजे जमीन द्यावी शेतकऱ्याने आणि भाव ठरवावा परदेशी बाजाराने!

तामिळनाडूच्या कोंगू भागातील शेतकऱ्यांनी विकासाला विरोध केला नव्हता. वाहिनी शेतांऐवजी महामार्गाच्या कडेने न्यावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. 2013 साली राज्य सरकारने ते मान्य केले. फेब्रुवारी 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र कंपनीच्या बाजूने निकाल दिला. केरळात डाव्या आघाडीच्या सरकारलाही 2017 च्या असंतोषानंतर मोबदला वाढवावा लागला. यातून घेण्याचा धडा स्पष्ट आहे: लोकांना विचारायचे ते चर खणण्यापूर्वी, नंतर नव्हे.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. 2013 साली सुरू झालेली दाभोळ-बंगळूर वाहिनी सह्याद्री ओलांडूनच गेली आहे. शिवालिकचा पायथा असो वा सह्याद्रीचा घाट, अशा ठिकाणी नव्या वाहिनीस विरोध झालाच पाहिजे. ग्रामसभेची संमती, प्रत्येक वाहिनीची जनसुनावणी, महामार्गालगतचा मार्ग आणि 1962 च्या कायद्यात मूलभूत बदल, या मागण्या घेऊन शेतकरी, शेतमजूर व शहरी कामगार यांनी एकजुटीने लढा उभारावा. जमीन वाचली तरच कसणारा वाचेल!