तुळशीच्या लग्नापर्यंत पिस्तुलं जमा करा

कमरेचं पिस्तूल चारचौघांना दिसावं म्हणून शर्ट मुद्दाम वर खोचणाऱ्या, वरातीत हवेत बार काढणाऱ्या, कोवळ्या पोराच्या हाती रिव्हॉल्व्हर देऊन त्याची रील काढू देणाऱ्या, आणि आपलं हत्यार 'जरा ठेव तुझ्याकडे' म्हणत ड्रायव्हरकडे, अंगरक्षकाकडे नाहीतर मेहुण्याकडे सोपवणाऱ्या प्रत्येक परवानाधारकाला हा इशारा आहे. ज्यांच्या सहीनं हे परवाने निघाले त्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि पोलीस आयुक्तांनाही तो तितकाच लागू आहे. मुदत तुळशीच्या लग्नापर्यंत. त्यानंतर लग्नसराई लागते, आणि येत्या लग्नसराईत महाराष्ट्रात एकही गोळी आम्ही खपवून घेणार नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये काय घडलं ते एवढ्यात विसरलात? २ तारखेला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, सत्ताधारी पक्षाच्या आमदारानं मित्रपक्षाच्या शहरप्रमुखावर गोळ्या झाडल्या. ते सीसीटीव्ही चित्रण सगळ्या राज्यानं पाहिलं. सहाच दिवसांनी दहिसरमध्ये एका माजी नगरसेवकाला फेसबुक लाइव्ह सुरू असतानाच गोळ्या घालण्यात आल्या, आणि मारणाऱ्यानं नंतर स्वतःवरही गोळी झाडून घेतली. ते पिस्तूल चोरबाजारातलं नव्हतं. मारणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर त्याचा रीतसर परवाना होता. कागद चोख, शिक्का चोख, आणि माणूस मेला. तेव्हा 'माझ्याकडे लायसन आहे' हे उत्तर यापुढे आम्हाला देऊ नका.

तुम्हाला मिळालेला परवाना हा हक्क नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याचा अधिकार लिहिलेला आहे. आपल्या घटनेत तो नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. त्या अधिकाराची किंमत तिकडे कोण मोजतं, हे तिथल्या मराठी आईबापांना विचारा. बंदूकधारी शाळेत शिरला तर दिवे घालवून, दार लावून कोपऱ्यात गप्प कसं बसायचं, याची तालीम त्यांची पहिली-दुसरीतली मुलं शाळेत करतात. ती वेळ इथे आणायची नसेल तर आत्ताच थांबलं पाहिजे.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमात २०१९ साली दुरुस्ती झाली. एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं ठरलं आणि आनंदाच्या भरात केलेला गोळीबार हा वेगळा गुन्हा झाला. लग्न असो, देवाचा उत्सव असो की मिरवणूक, दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशी गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक जागी शस्त्र नेताना ते पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे आणि उगारायचं तर मुळीच नाही. रीलमध्ये जे दाखवता, तो तुम्ही स्वतःच तयार करून दिलेला पुरावा आहे.

वरातीत नेमकं काय होतं, ते एकदा नीट समजून घ्या. डीजेचा दणका चालू असतो, मंडळी नाचत असतात, आणि नवऱ्या मुलाचा कुणी मामा किंवा मित्र गर्दीच्या मधोमध पिस्तूल वर करतो. पहिला बार निघतो. दुसऱ्या वेळी काडतूस अडकतं. काय झालं म्हणून तो पिस्तूल खाली घेतो, नळी आता माणसांच्या छातीच्या उंचीवर असते आणि बोट अजून चापावरच असतं. बाजूचा कुणीतरी 'दे इकडे' म्हणत हात घालतो. अशा ओढाताणीत गोळी सुटते आणि समोरच्या माणसात शिरते. वर गेलेली गोळीही आकाशात विरून जात नाही. ती कुठेतरी खाली येतेच, आणि खाली येताना कवटी फोडण्याएवढा वेग तिच्यात असू शकतो. मांडवामागे भांडी घासणारी बाई, गच्चीवर झोपलेलं मूल, यांतलं कोण तिच्या वाटेत येईल हे झाडणाऱ्याला ठाऊक नसतं. हरियाणात करनालला नोव्हेंबर २०१६ मध्ये लग्नाच्या मांडवात असाच गोळीबार झाला आणि नवऱ्या मुलाची नातेवाईक बाई ठार झाली. पुढच्याच महिन्यात पंजाबात मौड मंडीला व्यासपीठावर नाचणारी तरुणी अशाच गोळीनं गेली.

आणखी एक. मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं, असं समजणारे परवानाधारक आम्ही पाहिले आहेत. नळीत चढलेलं काडतूस आतच असतं. साफ करताना, कपाटात ठेवताना, पाहुण्याला दाखवताना जे अपघात होतात, ते बहुतेक असल्याच अज्ञानातून आणि हलगर्जीपणातून. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली, तीही पहाटे, स्वतःच्या घरात. परवाना मागताना शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला द्यावा लागतो. तुमच्यातल्या किती जणांनी ते प्रशिक्षण खरोखर घेतलं आणि किती जणांनी नुसता कागद जोडला, हे तुमचं तुम्हाला ठाऊक आहे.

'गुंडांकडे कट्टे आहेत, मग आम्ही काय करायचं?' हा तुमचा प्रश्न खरा आहे. चोपडा तालुक्याच्या सीमेला लागून मध्य प्रदेशात उमर्टी आहे. तिथल्या भट्ट्यांवर घडलेली गावठी पिस्तुलं जळगाव, धुळे ओलांडून पुण्यापर्यंत येतात. २०२५ च्या नोव्हेंबरात पुणे पोलीस थेट तिथे जाऊन भट्ट्या उद्ध्वस्त करून आले. हे काम पोलिसांचं आहे आणि ते सतत झालं पाहिजे, वर्षाकाठी एकदा नव्हे. पण त्या कट्ट्याला तुमचं पिस्तूल हे उत्तर नाही. १२ ऑक्टोबर २०२४ ला वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांची हत्या झाली तेव्हा त्यांना पोलीस संरक्षण होतं. शिकलेला, सरकारी हत्यार बाळगणारा पोलीस जवळ असूनही जे टळलं नाही, ते तुमच्या कमरेला खोचलेल्या पिस्तुलानं टळणार नाही.

बाईच्या सुरक्षिततेचं कारण पुढे करू नका. दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर, २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्यानं खास महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. किंमत सव्वा लाखाच्या घरात. शेवटच्या लोकलनं घरी जाणाऱ्या, कारखान्यातून दुसरी पाळी करून सुटणाऱ्या बाईच्या ते कधी हाती आलं? तिला फलाटावर उजेड हवा, डब्यात पोलीस हवा, आणि तक्रार लिहून घेणारं ठाणं हवं.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या शेतकऱ्यांना वेगळं सांगतो. रानडुकरं आणि माकडं भाताची, नारळाची, काजूची काय दैना करतात ते आम्ही जाणतो. शेतीसंरक्षणासाठी घरात असलेली ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक हा या इशाऱ्याचा विषय नाही. निवडणूक आली की तुमची बंदूक सरसकट आधी जमा होते आणि पिस्तूलवाल्यांच्या बाबतीत हात आखडता घेतला जातो, ही तुमची तक्रारही रास्त आहे. मात्र तीच बंदूक घेऊन रात्री शिकारीला गेलात, आणि झुडपात हललेलं डुक्कर समजून बरोबरच्याच गड्यावर बार टाकलात, तर आमच्याकडून दया मागू नका.

आता अधिकाऱ्यांकडे वळतो. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा डिसेंबर २०२४ मध्ये खून झाला आणि त्यानंतर राज्याला कळलं की एकट्या या जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्रपरवाने आहेत. ते एका रात्रीत निघाले नव्हते. प्रत्येक अर्जावर पोलिसांचा अहवाल होता, प्रत्येकावर सही होती. ओरड झाल्यावर शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. म्हणजे रद्द करण्याजोगे परवाने फायलीत पडून होते आणि ते उघडे पडायला एका सरपंचाचा जीव जावा लागला. पुण्यात आयुक्तांनी नाकारलेला एक परवाना गृहखात्याच्या अपिलात मंजूर झाल्याचं २०२५ मध्ये बाहेर आलं. खालून नाकारायचं आणि वरून द्यायचं, हा खेळ बंद करा. शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ नं परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार तुम्हाला दिलेला आहे. तो वापरायला कुणाच्या फोनची वाट पाहू नका. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेली. बारा दिवसांत तिथल्या सगळ्या राज्यांचं कडक कायद्यावर एकमत झालं आणि पुढे साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारनं लोकांकडून विकत घेऊन नष्ट केल्या. तुमच्यापुढे नवा कायदा करण्याचं काम नाही, फक्त असलेला वापरायचा आहे.

तेव्हा मुदतीच्या आत हे झालं पाहिजे. ज्यांना जिवाचा खराखुरा धोका नाही त्यांनी आपलं शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. हत्यार दाखवणाऱ्या जुन्या-नव्या रील काढून टाकाव्यात. दुसऱ्याच्या ताब्यात दिलेलं शस्त्र लगेच परत घ्यावं. मंगल कार्यालयांनी आणि लॉन्सवाल्यांनी बुकिंगच्या कागदावरच लिहून घ्यावं की हत्यार आत येणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी आणि आयुक्तांनी किती परवाने दिले, किती जणांवर गुन्हे दाखल आहेत आणि किती रद्द केले, हे आकडे कार्यालयाच्या फलकावर लावावेत.

हे झालं नाही तर तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून आम्ही माहिती अधिकारात हेच आकडे जिल्ह्याजिल्ह्यात मागू. रील आणि वरातीची चित्रणं तारीखवार जपून ठेवलेली आहेत. ती जोडून नावानिशी तक्रारी ठाण्यात देऊ. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नोंदवलीच पाहिजे, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल सोबत जोडू. ठाण्यानं नाकारली तर पोलीस अधीक्षकांकडे, त्यांनी दाद दिली नाही तर दंडाधिकाऱ्यांपुढे, आणि तरीही हललं नाही तर उच्च न्यायालयात जाऊ. ज्या लग्नात पिस्तूल बाहेर निघेल तिथून जेवणाचं ताट सोडून उठू आणि उठता उठता ११२ ला फोन लावू. नवऱ्या मुलाचा बाप आमच्या भावकीतला असला तरीही.