शनिवारचा एक तास

मैत्रिणींनो, आमच्या गल्लीतल्या सातजणींच्या भिशीचं चित्रमंडळ कसं झालं, ते आज सांगते.

सहा वर्षांपूर्वी एका शनिवारी भिशी माझ्याकडे होती. भिंतीवर आजीच्या वेळची सरस्वतीची तसबीर. राजा रविवर्म्याच्या चित्राची छापील प्रत. शाळेत मुलांना विचारते तसं सहज विचारलं, "यात काय काय दिसतं?" सगळ्यांच्या माहेरी हीच सरस्वती, पण देवीजवळ मोर आहे, हे दोघींना त्या दिवशी प्रथम दिसलं! नमस्कार करताना आपण डोळे मिटतो ना!

मग नियम ठरले. महिन्याला एकच चित्र. दहा मिनिटं गप्प बसून पाहायचं. नुसतं 'छान' म्हणायचं नाही. का छान, ते सांगायचं. आणि खाणं नाही, फक्त चहा. वाचनही सुरू झालं. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. म्हणून राजवाड्यातली चित्रं आपल्या देवघरात आली, हे तेव्हा कळलं.

टोमणे होतेच. "चित्रं बघून पोट भरतं का?" तिसऱ्या वर्षी दोघी गळाल्या, मंडळ मोडायलाच आलं. त्यातच एकीच्या सासूबाई तिला बोलवायला आल्या. घरी पाहुणे आले होते. ती लगबगीने उठली. सासूबाई मात्र तसबिरीपुढे थबकल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "चार हात, पण एकातही लाटणं नाही! आणि कुणी हाक मारत नाही हिला."

आम्ही हसलो, पण हसता हसता गप्प झालो. त्या सुनेला म्हणाल्या, "बस तू. चहा मी टाकते." पुढच्या महिन्यात त्या स्वतःच आल्या.

गेल्या वर्षी आम्ही एस.टी.ने औंधला गेलो. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ साली उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. छापील चित्रं पाहिलेल्या आम्ही त्या रंगांपुढे खिळून राहिलो. निघायची घाई कुणालाच नव्हती. सासूबाईंना तर मुळीच नाही.

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय कळतं चित्रातलं? अहो, साडीचा रंग पारखणाऱ्या आपण! येत्या शनिवारी घरातली एखादी तसबीर उतरवा, काच पुसा, शेजारणीला बोलवा आणि दहा मिनिटं पाहा. तेवढ्यात कुणी हाक मारलीच, तर "आले हं" म्हणा; पण लगेच उठू नका!