काचगृह सुरक्षित, उद्यानाचे काय?

बेंगळुरू - प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनानिमित्त भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनांसाठी दरवर्षी लाखो लोक लालबागेतील काचगृहाकडे वळतात. मात्र, २०२५ मध्ये शहरातील प्रस्तावित भुयारी रस्त्यासाठी उद्यानाची काही जागा वापरण्याची योजना पुढे आली, तेव्हा नागरिकांनी तीव्र विरोध नोंदविला. काचगृहाला हात लागणार नव्हता. तरीही हा विरोध का, हे समजण्यासाठी या वास्तूचा इतिहास पाहावा लागेल.

हैदर अलीने १७६० मध्ये उभारणीस प्रारंभ केलेल्या लालबागेला १८५६ मध्ये सरकारी वनस्पती उद्यानाचा दर्जा मिळाला. अधीक्षक जॉन कॅमेरॉन यांच्या कारकिर्दीत, ३० नोव्हेंबर १८८९ रोजी राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टर यांच्या हस्ते काचगृहाची कोनशिला बसविण्यात आली. प्रेरणा लंडनच्या १८५१ मधील क्रिस्टल पॅलेसची, तर ओतीव लोखंडाचे भाग ग्लासगोच्या कारखान्यातले. १९३५ मध्ये विस्तार झाला, तेव्हा मात्र भद्रावतीचे लोखंड वापरले गेले.

युरोपात काचगृहाचा हेतू उष्णता कोंडून ठेवण्याचा. हिवाळ्यात उष्ण कटिबंधातील झाडे तगविण्याचा तो उपाय. बेंगळुरूच्या सौम्य हवेत ती गरजच नव्हती. सडपातळ खांब, मधला प्रशस्त अवकाश आणि छतातून झिरपणारा प्रकाश यांमुळे ही वास्तू झाडांच्या निवाऱ्याऐवजी लोकांचे सभागृह आणि प्रदर्शनस्थळ बनली. क्रिस्टल पॅलेस १९३६ मध्ये आगीत नष्ट झाला. त्याचा हा भारतीय वारसदार आजही वापरात आहे.

परंतु हा वापर सभोवतालच्या सुमारे २४० एकरांवर अवलंबून आहे. झाडी, तलाव आणि सुमारे तीन अब्ज वर्षांपूर्वीचा खडक यांविना काचगृह म्हणजे केवळ लोखंडी सांगाडा. २००९ मध्ये मेट्रोसाठी उद्यानाच्या कडेची जागा गेली, झाडे तुटली. प्रत्येक प्रकल्पाची मागणी थोडक्याच जागेची असते आणि प्रत्येक वेळी वाहतूक कोंडीचे कारण खरेही असते. अडचण अशी, की गेलेली जागा परत येत नाही आणि पुढील मागणी उरलेल्या जागेवरच होते.

वारसा जतन करणे म्हणजे छताच्या काचा बदलणे नव्हे. उद्यानाची हद्द अखंड राखण्याचा निर्णय शहराने एकदाच घेतला पाहिजे. तो प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या वेळी घ्यावा लागला, तर काचगृह उरेल, लालबाग उरणार नाही.