बावखलांवर इमारती नकोत

वसईच्या हरित पट्ट्यात नव्या गृहसंकुलांना आमचा विरोध आहे, आणि तो आम्ही स्पष्ट शब्दांत नोंदवतो.

इथल्या गावांत वाड्यांच्या कडेला बावखले आहेत. ही माणसांनी खणलेली गोड्या पाण्याची तळी. पावसाळ्यात ती तुडुंब भरतात, पाणी हळूहळू जमिनीत झिरपते, आसपासच्या विहिरींना ते पुरते आणि केळीच्या, पानवेलीच्या बागा त्यावर तगतात. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना विहिरीचे पाणी गोडे राहते, ते या मुरलेल्या पाण्यामुळे. सातबाऱ्यावर मात्र बावखलाची वेगळी नोंद सहसा नसते, त्यामुळे चार डंपर माती टाकली की काम झाले. पुढच्या उन्हाळ्यात शेजारची विहीर मचूळ होते, तेव्हा तक्रार कोणाकडे करायची?

जुलै २०१८ मध्ये वसईच्या मिठागरांतली वस्ती पावसाच्या पाण्याने वेढली गेली, शेकडो माणसे अडकली. पाणी साठवणारी सखल जमीन भरावाखाली गेली, की ते पाणी लोकांच्या घरात शिरणारच.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी लोकांना रस्त्यावर आणले, धमक्या सोसल्या. त्या लढ्यामुळेच आज वाचवण्यासारखे काही उरले आहे.

घरे हवीत, हे आम्हाला मान्य आहे. पण आधी रिकामे पडलेले फ्लॅट आणि मोडकळीला आलेल्या इमारती यांचा हिशेब मांडा. विकास आराखड्यात प्रत्येक बावखल नकाशावर दाखवा आणि तोवर या पट्ट्यातली एकही नवी परवानगी देऊ नका.