राष्ट्र, मिल्लत आणि नागरिक

धर्मराज्याचे पुरस्कर्ते म्हणजे उलेमा आणि त्याचे विरोधक म्हणजे आधुनिक सुशिक्षित, अशी सोयीस्कर विभागणी पुष्कळदा केली जाते. इतिहास तिला दुजोरा देत नाही. १९३० साली अलाहाबाद येथे वायव्य भारतातील मुस्लिम राज्याची कल्पना मांडणारे इक्बाल युरोपीय तत्त्वज्ञानाचे अभ्यासक होते. उलट, देवबंदच्या दारुल उलूमचे मौलाना हुसेन अहमद मदनी यांनी १९३८ मध्ये संयुक्त राष्ट्रीयत्वाचा पक्ष घेतला. 'कौम' भूमीने घडते, 'मिल्लत' श्रद्धेने, असे त्यांचे प्रतिपादन होते. रायपूरच्या चौबे कॉलोनीतील मराठी कुटुंब मराठी राहूनही छत्तीसगडचे असते; एक नाते दुसऱ्याला बाधक ठरत नाही. मदनींचा विचार काहीसा असाच होता.

मौलाना मौदुदी यांना राष्ट्रवादच अमान्य होता. सार्वभौमत्व ईश्वराचे, या सिद्धांतावर त्यांनी १९४१ मध्ये लाहोरला जमाते इस्लामी स्थापन केली. पुढे १९५३ मध्ये पंजाबात अहमदियांविरुद्ध दंगली उसळल्या. त्यांची चौकशी करणाऱ्या मुनीर आयोगापुढे मुसलमान कोणास म्हणावे, याची व्याख्यादेखील उलेमांना एकमताने करता आली नाही. धर्मराज्याला श्रद्धेचा निवाडा करावा लागतो आणि त्याचा पहिला आघात स्वधर्मीयांवरच होतो, हे तेथे स्पष्ट झाले.

तथापि मदनींच्या भूमिकेलाही एक मर्यादा होती. तीत करार समाजासमाजांमध्ये होता. व्यक्तिगत कायदा उलेमांच्याच अधिकारात राहिला. ही उणीव महाराष्ट्रातील दोन विचारवंतांनी हेरली. माथेरानला जन्मलेले असफ अली असगर फैजी यांनी १९६३ मध्ये धर्म आणि कायदा यांची फारकत सुचविली. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला आणि १९७० मध्ये पुण्यास मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले. तत्काळ तीन तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला तो २०१७ साली.

समानतेच्या नावाखाली बहुसंख्याकांचेच धर्मराज्य येईल, ही अल्पसंख्याकांची भीती निराधार म्हणता येणार नाही. परंतु तिचे उत्तर स्त्रियांचे हक्क लांबणीवर टाकणे हे नव्हे. राज्यसंस्थेने कोणत्याही समाजाच्या धर्माधिकाऱ्यांशी नव्हे, तर थेट नागरिकाशी बांधील असावे, हा निकष दोन्ही बाजूंना सारखाच लावला पाहिजे. मदनींनी सुरू केलेला युक्तिवाद तेव्हाच पूर्णत्वास जाईल.